फुगलेलं झाकण आणि आम्ही तिघं

आमच्या कामात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठत जातात. फक्त त्यांची रीत उलटी. इतरांच्या ऑफिसात आधी गंमत होते आणि मग तिचा किस्सा होतो. आमच्याकडे आधी फोन येतो, मग घाम फुटतो, मग गाडी काढून पळावं लागतं. सगळे धडधाकट आहेत अशी खात्री पटली की परतीच्या वाटेवर कुठल्यातरी टपरीवर चहा घेताना त्या भीतीचा किस्सा होतो. चहा येईपर्यंत हसायचं नाही, हा आमचा नियम!

आमचा म्हणजे आम्हा तिघांचा. परब साहेब, मी आणि आमचा ड्रायव्हर तातू. मालवणात आमचं एक छोटं शेती सल्ला केंद्र आहे आणि तिथून आम्ही जिल्हाभर फिरतो. पूर्वी आमचं काम झाडापाशी संपायचं. खत कधी घालायचं, फवारणी कसली करायची, मोहोर का गळला, एवढंच. सल्ला चुकला तरी झाड बिचारं गप्प उभं राहायचं. मग वरून आदेश आला की फळ झाडावरून उतरल्यानंतरचंही शेतकऱ्याला सांगा. ते हाताळायचं कसं, पिकवायचं कसं, वाळवायचं कसं, बाटलीत भरायचं कसं.

साहेबांनी तो आदेश वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, आजवर आपला सल्ला झाडाच्या मुळाशी जात होता. आता तो माणसाच्या तोंडात जाणार!"

त्या दिवसापासून आम्ही भितो. थट्टा नाही, खरंच भितो. माझं शिक्षण अन्नप्रक्रियेचं, त्यामुळे कशानं काय होऊ शकतं हे मला गरजेपेक्षा जरा जास्तच ठाऊक. आपण सांगितलं तसं कुणीतरी केलं, ते कुणीतरी खाल्लं, आणि त्याच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर? हा एक प्रश्न घेऊन मी रोज सकाळी गाडीत बसते. साहेब पुढच्या सीटवर तोच प्रश्न घेऊन बसलेले असतात. तातू गाडी चालवतो, म्हणून निदान समोर तरी बघतो.

* * *

साहेबांना व्हॉइस मेसेज करायला फार आवडतं. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर दर आठवड्याला त्यांचा सल्ला जातो. आवाज असा की वाटावं, कुणीतरी गेल्याची बातमी सांगतायत.

आंब्याच्या हंगामात त्यांनी सांगितलं, "आंबा देठासकट उतरवा. चीक अंगावर पडू देऊ नका, कातडी भाजते. फांदीवर चढताना जपा, दरवर्षी माणसं पडतात. उतरवलेली फळं उन्हात ठेवू नका. कार्बाइड वापरू नका, जिवावर बेतू शकतं. तरी आपापल्या जबाबदारीवर काम करावे, ही विनंती."

दुसऱ्या दिवशी तळेऱ्याकडच्या एका बागायतदाराचा फोन आला.

"सायेब, घरकारीण माका बागेत जावक देना नाय!"

"का हो? भांडण झालं?"

"भांडान खंयचा! तुमचो मेसेज तिका आयकवलंय, तीच माझी चूक. दारात आडवी बसलीसा. आंबे झाडारच पिकान पडतत. सायबानू, सांगतास ता सगळा बरोबर आसा, पण जरा हसान सांगा मां!"

साहेबांनी ते मनावर घेतलं. पुढचा मेसेज त्यांनी खरोखर हसत हसत रेकॉर्ड केला. "नमस्कार मंडळी! हा हा हा! कार्बाइड वापरू नका बरं का, हा हा, जिवावर बेतेल!"

संध्याकाळपर्यंत निम्म्या लोकांनी ग्रुप सोडला.

* * *

त्याच बागायतदाराकडं पुढं आंबे पिकवायची खोली उभी राहिली. पत्र्याच्या जाड भिंती, कोल्ड स्टोरेजला असतं तसं जड दार, आत आंबे पिकवणारा गॅस मोजून सोडायचा. कार्बाइड बंद व्हावं म्हणून आम्हीच त्याच्या मागं लागलो होतो. अशा खोलीत भरलेली फळं श्वास घेत असतात, त्यामुळे हवा कोंदते. दार उघडून हवा खेळवल्याशिवाय माणसानं आत जायचं नाही, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. सगळ्यांना म्हणजे कामगारांना. साहेबांना काय बजावायचं!

मी मालकाबरोबर मागच्या बाजूला पॅकिंग बघत होते. साहेब कुणाच्या नकळत एकटेच आत जाऊन थर्मामीटर वाचायला लागले आणि वाऱ्यानं दार लागलं. दार आपटलं की कडी बाहेरून आपोआप बसते. आत मोबाइलला रेंज नाही. साहेब दार बडवायला लागले.

बाहेर पाच गडी पेट्या भरत होते. त्यांनी आवाज ऐकला. आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? दार उघडेल. पण ती खोली बांधली होती देवचाराच्या वाटेवर! देवचार म्हणजे न दिसता गावाची राखण करणारा, रोज आपल्या ठरलेल्या वाटेनं फिरणारा. त्याच्या वाटेत बांधकाम नको म्हणून म्हातारे लोक आधीपासून कुरकुरत होते. पत्रा आतून धाडधाड वाजायला लागल्यावर सगळ्यांची खात्रीच पटली. एक जण धावत जाऊन नारळ घेऊन आला, दुसऱ्यानं विडी ठेवली आणि त्यांच्यातल्या वयस्कर गड्यानं दारासमोर हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या जागेर जो काय आवाज येता..."

"व्हय म्हाराजा!" बाकीचे म्हणाले.

"लेकरांची काय चूक-भूल झाली असात, ती पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"आनी हय जो कोन अडाकलो असात, तेका तेची वाट मोकळी करून दी, म्हाराजा!"

तेवढ्यात बंद खोलीच्या आतून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

पेट्या तिथंच टाकून पाचही जण असे सुटले की थेट हायवेवर दिसले! त्यांची आरडाओरड ऐकून मी धावत आले आणि दार उघडलं. साहेब पांढरेफटक पडले होते. शर्ट घामानं भिजलेला. त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं. अजून थोडा वेळ गेला असता तर? तो विचार आजही मनात आला की अंगावर काटा येतो.

श्वास जाग्यावर आल्यावर मी विचारलं, "साहेब, तुम्ही आतून 'व्हय म्हाराजा' कशाला म्हणालात? 'दार उघडा' म्हणायचं!"

"अहो मॅडम, गाऱ्हाणं कानावर आलं की तोंड आपोआप उघडतं. आणि तो मागत होता ते अगदी बरोबर होतं की!"

आता कुठंही अशी खोली बांधायची असली तर आमचा पहिला सल्ला गॅसचा नसतो. आतून उघडणारी कडी आधी बसवा, असं सांगतो. त्या बागायतदारानं कडी बसवली आणि बाहेर देवचारासाठी एक नारळही ठेवला. दोन्ही असूं दे म्हणाला.

* * *

तारकर्लीच्या मालूताई सुके बांगडे करतात. वाळूवर पसरलेल्या माशांवर माश्या बसतात, कुत्री येतात, म्हणून आम्ही त्यांना सौर ड्रायर दिला. बांबूचा सांगाडा, वर जाड प्लॅस्टिक, लांबलचक बोगद्यासारखा. वारा सुटला तर उडू नये म्हणून चारही बाजूंनी पक्का बांधा, असं मी तीनतीनदा सांगितलं होतं.

एका सकाळी त्यांचा फोन. "मॅडम, ड्रायर गेलो!"

"गेला? कुठं गेला?"

"दर्यात! मासेमारीक!"

झालं होतं असं. मालूताईंनी तीन बाजू खुंट्यांना बांधल्या होत्या आणि चौथी बाजू किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दिराच्या होडीला. किनाऱ्यावर काही पक्कं बांधायचं म्हणजे होडीला, ही त्यांची जन्माची सवय! दोरी वाळूखाली गेली. पहाटे बाबी, म्हणजे त्यांचा दीर, होडी ढकलून निघाला. इंजिन चालू केलं, आणि खुंट्या उपटून ड्रायर बांगड्यांसकट त्याच्या मागोमाग पाण्यात उतरला.

ऐकायला गंमत वाटते. आम्ही पोचलो तेव्हा किनाऱ्यावर कुणी हसत नव्हतं. प्लॅस्टिक इंजिनच्या पंख्यात अडकलं होतं, इंजिन बंद पडलं होतं आणि होडी लाटांना आडवी झाली होती. आडवी होडी उलटायला एक मोठी लाट पुरते. मालूताईंच्या जावेनं, बाबीच्या बायकोनं, तोंडात पदर कोंबला होता. तातू, जो कधी देवाचं नाव घेत नाही, तो पुटपुटत होता. मी त्या ड्रायरचं माप, प्लॅस्टिकची जाडी, अनुदान, सगळं सगळं विसरून फक्त बाबीच्या हातातल्या कोयत्याकडं बघत होते. तो पाठमोरा वाकून प्लॅस्टिक तोडत होता. एकेक लाट खालून जायची आणि होडी कलायची.

शेवटी पंखा मोकळा झाला. इंजिन सुरू झालं. बाबी किनाऱ्याला लागला, वाळूवर उतरला आणि सगळ्यांच्या आधी वहिनीसमोर जाऊन उभा राहिला.

"वयनी, एवडे कष्ट करून बांगडे दर्यातून भायर काडलंय. परत कित्याक धाडलंस?"

जाऊ रडता रडता हसली. मी मात्र गाडीत जाऊन बसले आणि आमच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढवली. "ड्रायर होडीला बांधू नये." कुठल्याही पुस्तकात ही सूचना सापडणार नाही!

* * *

आरोंद्याच्या सुमन वहिनी म्हणजे आमचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक. खाडीच्या काठाला घर, घरामागं कलमं, चार फणस. शेजारणींना घेऊन त्यांनी आंब्याचा रस बाटलीत भरायला सुरुवात केली. हात स्वच्छ, भांडी स्वच्छ, सांगितलेलं सगळं लक्षात. मी निघताना एवढंच म्हटलं, "बाटल्या सील झाल्या की झाकणाला कुणीही हात लावायचा नाही. झाकण उघडलं की संपलं!"

दुसऱ्या दिवशी वहिनींचा रडवेला फोन. "मॅडम, आमच्या सासूबाईंनी सगळी झाकणां उघडल्यानी!"

गाडी काढली. मालवण ते आरोंदा हा रस्ता तातूनं इतक्या वेगानं कधी मारला नव्हता. पोचलो तर आजी देवघरासमोर शांत बसलेल्या. प्रत्येक बाटली उघडून, देवाला दाखवून, झाकण पुन्हा नीट पिळून लावलेलं. आणि त्यातल्या बऱ्याच बाटल्या सकाळी गावात वाटूनही झाल्या होत्या!

"आजी, का उघडलीत हो?"

आजींनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "अगो बाय, नव्या जिनसाचो पयलो वाटो देवाचो. झाकान लावन ठेयलंय तर देव काय बूच चाटतलो?"

यावर कुठलं शास्त्र सांगणार? आम्ही तिघं आणि वहिनी, दारोदार फिरून बाटल्या परत मागायला लागलो. एका घरी रस पिऊन झाला होता. ती माणसं आम्हाला हसत होती आणि मी एकेकाला विचारत होते, पोट दुखतंय का, मळमळतंय का. रस आंबट, ताजा, कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसभरात मी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

तेव्हापासून आमच्या प्रशिक्षणाच्या तक्त्यात एक नवी पायरी आहे. धुणे, गर काढणे, उकळणे, देवाची वाटी, भरणे, सील करणे. गरम रसाची एक वाटी आधीच बाजूला काढायची, म्हणजे झाकणं वाचतात. वरिष्ठांनी तो तक्ता बघितला आणि विचारलं, "परब, ही वाटी कशासाठी?"

साहेब एरवी चळाचळा कापतात. त्या दिवशी छाती पुढं काढून म्हणाले, "सर, सीलच्या सुरक्षिततेसाठी!"

* * *

या सगळ्याचा घरी काय परिणाम होतो, तेही सांगते. मी लग्नात लोणचं खात नाही. कुणी घरची बाटली भेट दिली तर आधी झाकणावर बोट दाबून बघते, मग थँक यू म्हणते. एकदा सासूबाईंनी सोलकढी केली होती. माझ्या पर्समध्ये आंबटपणा मोजायच्या पट्ट्या असतात. माझ्याही नकळत मी एक पट्टी काढून वाटीत बुडवली आणि रंग बघत बसले.

सासूबाईंनी वाटीकडं बघितलं, पट्टीकडं बघितलं.

"कित्याक गो, माझ्या सोलकडीक ताप इलो काय?"

* * *

आणि आता आरोंद्याचाच, पण वेगळा किस्सा.

रसाचं बस्तान बसल्यावर सुमन वहिनींनी कुयरी बाटलीत भरायला घेतली. कुयरी म्हणजे कोवळा फणस. भाजीला उत्तम, आणि मुंबईकरांचा जीव तिच्यावर. पण आंबा, कोकम यांची गोष्ट निराळी. ती आंबट असतात, आंबटपणा राखण करतो. कुयरीला आंबटपणा नाही. नुसत्या मिठाच्या पाण्यात ती भरली आणि उष्णता कमी पडली, तर बंद बाटलीत एक असा जंतू वाढतो की त्याच्या विषाला वास नाही, चव नाही. माणूस भाजी चवीनं खातो. मग त्याला डोळ्यांपुढं एकाचे दोन दिसायला लागतात, पापण्या मिटत येतात, आणि पुढं श्वास. माझी सगळ्यात मोठी भीती जर कुठं राहत असेल तर ती या बाटलीत राहते.

म्हणून मी प्रत्येक बॅचला फोनवर विचारायची, "वहिनी, बॅच तपासून घेतलीत ना?"

"घेतली, मॅडम."

"रिपोर्ट आला?"

"इलो. बरो आसा."

मी सुखात. गावोगावी सांगत फिरायची, आरोंद्याच्या बाईंचा आदर्श घ्या, विकायच्या आधी तपासून घेतात!

एका दुपारी आम्ही सहज डोकावलो. फळीवर बाटल्या ओळीनं मांडलेल्या. मी सवयीनं झाकणांवरून बोट फिरवत गेले आणि एका झाकणाशी बोट अडलं. झाकण वर आलं होतं. फुगलेलं! आत जंतू वाढला की वायू होतो आणि झाकण असं वर येतं.

"वहिनी, ही बॅच तपासलीत?"

"तपासली मां."

"कधी?"

"आज सकाळीच."

"रिपोर्ट कुठाय?"

वहिनींनी घरापुढच्या ओट्याकडं बोट केलं. "ह्यो काय बसलो!"

ओट्यावर खुर्चीत त्यांचे सासरे, आबा, बसले होते. धुतलेला सदरा, विंचरलेले केस, मांडीवर रिकामी ताटली. भाजीचा एक कणसुद्धा ताटलीत उरला नव्हता.

मला कळायला जरा वेळ लागला. लॅब नाही, पार्सल नाही, काही नाही. पहिल्या बॅचपासून प्रत्येक बॅचची पहिली बाटली आबा खात होते. खाऊन ओट्यावर बसायचे. दुसऱ्या दिवशी ठणठणीत उठले की रिपोर्ट बरा!

"आबा, हे काय केलंत!" मी ओरडलेच.

"कित्याक वरडतंस, बाय? कोनीतरी खावन बगूक व्हया मां? गिरायकाच्या घरात बारकी पोरां असतत. आमचा काय, पिकला पान."

"वहिनी, तुम्ही तरी?"

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "मी दोनदा तेंच्या हातातली ताटली काडून घेतलंय. आयकनत नाय. माका म्हनाले, तू मेलंस तर घर कोन बगतला?"

साहेब भिंतीला टेकले. तातूनं काही न विचारता गाडी दाराशी लावली. आबांना हात धरून गाडीत घातलं. आजी त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. दवाखान्यापर्यंत मी मागं वळून वळून त्यांच्या पापण्या बघत होते. जरा डोळा मिटला की माझा जीव उडायचा.

"आबा, झोपू नका हं. इकडं बघा. मी किती दिसते तुम्हाला?"

आबांनी मला खालपासून वरपर्यंत निरखलं. "एकच दिसतंस. आनी तीच खूप जाता!"

डॉक्टरांनी ठेवून घेतलं. वाट बघण्यापलीकडं कुणाच्या हातात काही नव्हतं. आजी पलंगाच्या पायथ्याशी आबांच्या पावलांवर हात ठेवून बसून राहिल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. कामाला लागल्यापासून मी इतकी कधी घाबरले नव्हते आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही. साहेब व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. आबांना काही झालं नाही. त्यांच्या वाट्याची बाटली चांगली निघाली, एवढंच. डॉक्टरांनी सोडल्यावर मात्र मी त्यांना फैलावर घेतलं.

"आबा, असा रिपोर्ट नसतो! एकानं खाल्लं आणि जगला, म्हणून बॅच चांगली ठरत नाही. निदान दोन सॅम्पल लागतात, आणि ती लॅबला पाठवायची असतात, पोटात नाही!"

आबा मान डोलवत होते. आजीही डोलवत होत्या. मला बरं वाटलं.

ती सगळी बॅच आम्ही नष्ट केली. मग मी आणि वहिनी पुन्हा पहिल्यापासून बसलो. पाण्याचा आंबटपणा वाढवला, पट्टी लावून खात्री केली, दाबाखाली किती वेळ शिजवायचं ते ठरवलं. कुठंही कसर ठेवली नाही. नवी बॅच झाली. सॅम्पल घेऊन तातू स्वतः लॅबला जाऊन आला. मी फोनवर बजावलं, "रिपोर्ट येईपर्यंत एकही बाटली फोडायची नाही!"

रिपोर्टची वाट बघत असतानाच एकदा त्या बाजूला काम निघालं, म्हणून सकाळी फोन करून आम्ही तिघं दुपारी त्यांच्याकडं गेलो.

ओट्यावर दोन खुर्च्या होत्या.

एकीवर आबा, तोच धुतलेला सदरा घालून. दुसरीवर आजी. नवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी. दोघांच्या मांडीवर ताटल्या, ताटल्यांत कुयरीची भाजी. मधे स्टुलावर नुकतीच फोडलेली बाटली. दाराच्या चौकटीला धरून सुमन वहिनी उभ्या.

"आजी! तुम्हीसुद्धा?"

"तूच सांगितलंस मां, दोन सॅम्पल व्हयीत म्हनान." आजी अगदी शांत होत्या. "आनी तेवा तेंका गाडीत घालून नेलास, तेवाच मी ठरवलंय. परत तसा बसान वाट बगूचा माज्यान जावचा नाय. जावचा झाला तर दोगांय जावया."

"अहो पण लॅबचा रिपोर्ट अजून आलेला नाही!"

"कागद येतलो तेवा येतलो."

आजींनी खुर्चीखालून तिसरी ताटली काढली. बाटलीतली भाजी तिच्यात वाढली. स्टूल पुढं सरकवून ताटली माझ्यासमोर ठेवली आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "ह्या बाटलेत काय घालूचा, किती शिजवूचा, सगळा तूच सांगितलंस मां? मगे बस. आमी थांबलंव तुज्यासाटी."

मी बाटलीचं झाकण उचलून बघितलं. सपाट होतं. वहिनी माझ्याकडं बघत होत्या.

मी हात धुवायला गेले.